चंचल मूल, त्याचा वारसा आणि आपण
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे मूल जन्माला आले की पाळण्याभोवती जमलेली मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो असा, की हे कुणावर गेले? नाक आजोबांचे, कपाळ आत्याचे, हसणे आईचे, अशी वाटणी तेथल्या तेथे होऊन जाते. पुढे तेच मूल शाळेत येते. एका जागी पाच मिनिटे बसत नाही. गणित अर्ध्यावर टाकून खिडकीकडे धावते. दुसऱ्याचे बोलणे पुरे होण्याच्या आत उत्तर देऊन मोकळे होते. रोज पेन्सिल हरवते. अशा वेळी मात्र हे कुणावर गेले, असे कोणी विचारीत नाही. विचारला जातो तो निराळाच प्रश्न: याला घरी कोणी वळण लावले की नाही? आणि त्या प्रश्नाचा रोख बहुधा आईकडे असतो. आज मला आपणांस एवढेच सांगावयाचे आहे की, जो प्रश्न आपण नाकाविषयी विचारतो तोच अवधानाविषयीही विचारला पाहिजे. आणि त्याचे उत्तर समजून घेतल्यावर मुलाशी व त्याच्या पालकांशी वागण्याची आपली रीत बदलली पाहिजे.

प्रथम विषयाची मर्यादा स्पष्ट करतो. लहान मूल चंचल असावयाचेच. पहिलीतले मूल तासभर निश्चल बसले तर उलट आपणच काळजीत पडावे. मी बोलत आहे ते या स्वाभाविक चंचलतेविषयी नव्हे. ज्या मुलाची अवधान टिकविण्याची शक्ती, हालचाल आवरण्याची शक्ती, अथवा मनात आलेली ऊर्मी क्षणभर रोखून धरण्याची शक्ती त्याच्या वयाच्या इतर मुलांच्या मानाने पुष्कळच कमी पडते, आणि त्यामुळे ज्याचे शिकणे व इतरांत मिसळणे अडते, अशा मुलाविषयी मी बोलत आहे. वैद्यकशास्त्र या अवस्थेस अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणते. एडीएचडी हे त्याचे आद्याक्षरी नाव आता आपल्याकडील वर्तमानपत्रांतूनही वाचावयास मिळते.

हे नाव नवे असले तरी निरीक्षण जुने आहे. १९०२ साली लंडन येथे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांतून अशा मुलांचे वर्णन केले होते. बुद्धीने सामान्य असूनही स्वतःस आवर घालणे ज्यांना जमत नाही, अशी ती मुले होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत अवधान-न्यूनता हे नाव १९८० साली आले आणि १९८७ साली त्याला अतिचंचलतेची जोड मिळाली. २०१३ च्या आवृत्तीत जे निकष आहेत त्यांतील तीन आपण शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असावीत. त्यांतील अनेक लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वी दिसलेली असावीत. आणि ती घर व शाळा यांसारख्या निदान दोन ठिकाणी दिसावीत. जे मूल घरी शांतपणे काम करते आणि केवळ आपल्याच तासाला उड्या मारते, त्याच्या बाबतीत आधी आपला तास तपासून पाहावा हे बरे! जगभरातील अभ्यासांचे २००७ साली जे एकत्रीकरण झाले त्यात या विकाराचे प्रमाण मुलांमध्ये सुमारे पाच टक्के आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एखाददुसरे मूल असे असावयाचे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हे येते कोठून?

शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा शोध तीन मार्गांनी घेतला. पहिला मार्ग कुटुंबांचा. ज्या मुलाला हा विकार आहे त्याच्या सख्ख्या भावंडांत व आईबापांत तो इतर कुटुंबांच्या मानाने कितीतरी पट अधिक आढळतो. परंतु एवढ्यावरून तो वारशानेच येतो असे सिद्ध होत नाही. कुटुंबात वारसा जसा एक असतो तसे घरही एक असते. खाण तशी माती म्हणताना खाण आणि हवापाणी यांचा निवाडा करावयाचा राहूनच जातो.

म्हणून दुसरा मार्ग जुळ्या भावंडांचा. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच फलित बीजांडाचे दोन भाग होऊन जन्मलेली जुळी आनुवंशिक दृष्टीने जवळजवळ एकच असतात. दोन निरनिराळ्या बीजांडांपासून जन्मलेल्या जुळ्यांत मात्र इतर सख्ख्या भावंडांइतकेच, म्हणजे सरासरीने निम्मे साम्य असते. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांचे घर एक, आईबाप एक, जेवणखाण एक आणि बहुधा शाळाही एक. असे असता अवधानाच्या बाबतीत पहिल्या प्रकारची जुळी दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा एकमेकांशी पुष्कळच अधिक मिळतीजुळती आढळली. जुळ्यांवरील ३७ अभ्यासांची सरासरी काढता या विकाराचे वारसाप्रमाण सुमारे ७४ टक्के भरते.

तिसरा मार्ग दत्तक मुलांचा. ज्यांना हा विकार आहे अशा दत्तक मुलांच्या बाबतीत असे दिसले की, त्याची लक्षणे वाढविणाऱ्या आईबापांपेक्षा जन्म देणाऱ्या आईबापांत अधिक आढळतात. तिन्ही मार्ग एकाच ठिकाणी येऊन मिळतात. हा विकार मुख्यतः जन्मतःच आलेल्या घडणीचा आहे. घरच्या लाडांनी किंवा धाकाच्या अभावाने तो निर्माण होत नाही.

७४ टक्के या आकड्याचा चुकीचा अर्थ मात्र आपण करू नये. अमुक मुलाच्या चंचलतेचे ७४ भाग आईबापांचे आणि उरलेले २६ शाळेचे, असा हा हिशेब नव्हे. समाजातील मुलामुलांत अवधानाच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्या फरकाचा एवढा वाटा आनुवंशिक फरकांशी निगडित आहे, एवढाच त्याचा अर्थ. एका मुलापुरते बोलावयाचे तर बीज व संगोपन यांची अशी वाटणी करताच येत नाही.

त्याचप्रमाणे या विकाराचे एखादे ठरावीक जनुक नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आनुवंशिक द्रव्यातील १२ जागा या विकाराशी निश्चितपणे संबंधित आढळल्या. २०२३ साली निदान झालेल्या ३८,६९१ आणि निदान नसलेल्या १,८६,८४३ व्यक्तींची तुलना झाली, तेव्हा ही संख्या २७ वर गेली. यांतील प्रत्येक जागेचा परिणाम अगदी अल्प असतो. अशा शेकडो, किंबहुना हजारो बारीकसारीक फरकांची बेरीज होऊन मुलाचा कल ठरतो. हे फरक थोड्याबहुत प्रमाणात आपणां सर्वांतच आहेत. कोणाच्या वाट्याला कमी आले, कोणाच्या वाट्याला अधिक. म्हणूनच रक्त तपासून या विकाराचे निदान करता येत नाही. आणि म्हणूनच 'आमच्या घराण्यात असले काही नाही' किंवा 'हे सुनेच्या माहेरकडून आले' या दोन्ही वाक्यांना शास्त्राचा आधार नाही. वारसा दोन्ही बाजूंनी येतो आणि पुष्कळदा कोणाच्या ध्यानीमनी नसताना येतो.

यावर कोणी म्हणेल, जन्मतःच आले तर मग शिक्षकाने करावयाचे काय? हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण जन्मतः आलेले ते अटळ, ही समजूत बरोबर नाही. चष्म्याचाच दाखला घ्या. दूरचे अंधुक दिसणे हेही पुष्कळ अंशी आनुवंशिक असते. परंतु फळ्यावरचे दिसत नाही म्हणून आपण मुलाला छडी मारीत नाही, की त्याच्या आईला बोल लावीत नाही. त्याला पुढच्या ओळीत बसवितो आणि डोळे तपासून घ्यावयास सांगतो. चष्म्याने डोळ्यांची जन्मजात घडण बदलत नाही. मूल मात्र वाचू लागते. अवधानाच्या बाबतीत आपले काम नेमके हेच आहे.

शिवाय ही घडण काळाबरोबर बदलतेही. २००७ साली मेंदूच्या प्रतिमांवरून झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, मेंदूच्या बाह्य स्तराची वाढ इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी जो टप्पा गाठते, तो टप्पा या मुलांत साडेदहाच्या सुमारास येतो. वाढीचा क्रम तोच असतो, गती मंद असते. कित्येकांची धावपळ वयाबरोबर ओसरते. विसराळूपणा व अव्यवस्थितपणा मात्र अनेकांत प्रौढपणीही मागे राहतो. ही गोष्ट पुढे पालकांचा विचार करताना आपल्या उपयोगी पडणार आहे.

वारशाखेरीज इतर कारणेही आहेत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मवेळी फार कमी वजन, लहानपणी शरीरात गेलेले शिसे, आणि अनाथालयांत काही मुलांच्या वाट्याला येणारी मायेची पराकाष्ठेची उपेक्षा, यांचा या विकाराशी संबंध आढळलेला आहे. त्याचबरोबर, विकार नसताना विकारासारखे दिसणाऱ्या अवस्थाही आहेत. ज्याला नीट ऐकू येत नाही ते मूल सूचना पाळीत नाही. ज्याला फळा दिसत नाही ते इकडे तिकडे पाहते. उपाशी आलेले, रक्त कमी असलेले किंवा रात्री पुरती झोप न झालेले मूल लक्ष देऊ शकत नाही. घरी दारूवरून रोज भांडण होत असेल तर त्या मुलाचे मन वर्गात राहील कसे? आणि बोलता बोलता काही क्षण एकाएकी थांबून शून्यात पाहणाऱ्या मुलास अपस्माराचा सौम्य प्रकार असू शकतो. ही सर्व कारणे आधी पाहून घ्यावयाची असतात, म्हणून निदान करणे हे वैद्याचे काम आहे. शिक्षकाने मुलाला रोगाचे नाव चिकटवू नये.

आता घराविषयी. घरामुळे हा विकार होत नाही असे मी म्हणालो. पण घर त्याला सुसह्य करू शकते किंवा असह्यही करू शकते, हेही तितकेच खरे आहे. मूल ऐकत नाही म्हणून आई ओरडते. ओरडण्याची सवय झाली की मूल अधिकच ऐकेनासे होते. मग हात उगारला जातो. मूल हट्टाला पेटते. हे रहाटगाडगे एकदा फिरू लागले की कोण कोणाला फिरवीत आहे तेच कळेनासे होते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अतिचंचल मुलांना काही दिवस औषध व काही दिवस निष्क्रिय गोळी देऊन त्यांचे व त्यांच्या आईचे वागणे पाहण्यात आले. औषधाने मुले सांगितलेले ऐकू लागली, तेव्हा त्यांच्या आयांचे हुकूम देणे व टोकणेही आपोआप कमी झाले. आईला कोणी उपदेश केलेला नव्हता! आईच्या कडक बोलण्याने मूल बिघडले असे जे आपणांस बाहेरून दिसते, त्यात कित्येकदा मुलाला आवरता आवरता आईचे बोलणे कडक झालेले असते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरविण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबावे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. वारसा जर खरा असेल, तर आपल्यासमोर पालकसभेत बसलेल्या बापाला किंवा आईलाही तीच घडण मिळालेली असण्याचा बराच संभव आहे. जो बाप मुलाची वही सही न करता तशीच परत पाठवितो, सभेची तारीख विसरतो, आला तर मधेच उठून जातो, तो शाळेविषयी बेफिकीर आहे असे आपण मानतो. असेलही एखादा. परंतु लहानपणी ज्याचे मन वर्गात ठरले नाही, ज्याने त्यापायी मार खाल्ला आणि चौथी-पाचवीतच शाळा सोडली, असा तो असू शकेल. शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवताच त्याला स्वतःचीच शिक्षा आठवत असेल. अशा पालकास वारसा दोन वाटांनी पुढे जाताना दिसतो. एक रक्ताची वाट. आणि दुसरी त्या स्वभावामुळे घराला आलेल्या विस्कळीतपणाची वाट. पहिली वाट आपल्या हातची नाही. दुसरीवर मात्र आपण त्याला हात देऊ शकतो.

तो कसा द्यावा, याविषयी काही सूचना करतो. अशा पालकास दहा गोष्टींचा उपदेश करू नये. एका भेटीत एकच गोष्ट सांगावी आणि ती कागदावर दोन ओळींत लिहून द्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती बोलून दाखवावयास सांगावी. उदाहरणार्थ, 'दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवा.' ते पंधरा दिवस जमले की दुसरी गोष्ट. भेटीची तारीख आदल्या दिवशी पुन्हा कळवावी. मुलाची तक्रार सांगण्यापूर्वी त्याने केलेले एखादे चांगले काम खरेखुरे सांगावे. आणि आईला हे स्पष्ट शब्दांत सांगावे की, यात तुमच्या वळणाचा दोष नाही. सासरच्या मंडळींसमोर हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून निघाले तर त्याचे मोल किती असते, हे खेड्यात काम केलेल्या आपल्यापैकी कोणास सांगावयास नको. बापही विसराळू असल्याचे आपल्या लक्षात आले तरी ते त्याला बोलून दाखवू नये. आपली सांगण्याची पद्धत तेवढी त्यानुसार बदलावी.

वर्गातही याच तत्त्वाने चालावे. अशा मुलास आपल्या जवळ, खिडकी व दार यांपासून दूर बसवावे. लांब कामाचे लहान तुकडे करावेत. दहा गणिते एकदम देण्याऐवजी तीन द्यावीत, तपासावीत, मग पुढची तीन द्यावीत. सूचना एका वेळी एकच, थोडक्या शब्दांत, त्याच्याकडे पाहून द्यावी. चांगल्या वर्तनाची दाद तेथल्या तेथे द्यावी; शनिवारी मिळणारी शाबासकी सोमवारच्या कामाला या मुलांच्या बाबतीत जोडली जात नाही. खडू आणणे, फळा पुसणे, वह्या वाटणे अशी हालचालीची कामे त्याला मुद्दाम सांगावीत. हालचालीतून शिकविणे आपल्याला परके नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. गुरे राखणाऱ्या मुलांना चार भिंतींत कोंडण्याऐवजी शाळाच कुरणात नेण्याचे धैर्य त्या शिक्षिकांनी दाखविले होते. मधल्या सुट्टीत खेळू न देण्याची शिक्षा मात्र अशा मुलाला कधीही करू नये. ज्याला हालचालीची सर्वांत अधिक गरज आहे त्याचीच हालचाल त्यामुळे बंद होते.

शारीरिक शिक्षेविषयी वेगळे सांगावयास नको. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस आणि मानसिक त्रासासही मनाई आहे. 'वेडा', 'माकड', 'बिनकामाचा' या शब्दांचा समावेश त्या त्रासात होतो. कायदा बाजूस ठेवला तरी, जी शक्ती मुलात कमी आहे ती मारण्याने वाढत नाही, हा साधा व्यवहारही आपणांस तेच सांगतो.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. एकाच इयत्तेत सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मुलाच्या वयात जवळजवळ एक वर्षाचे अंतर असू शकते. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे सहावा हिस्सा! कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली असे दाखविण्यात आले की, वर्गातील सर्वांत लहान, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत या विकाराचे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी, तर मुलींत ७० टक्क्यांनी अधिक झाले होते. जन्माच्या महिन्याने वारसा बदलत नाही. बदलते ती मोठ्यांची तुलना. म्हणून चंचल मुलाविषयी मत बनविण्यापूर्वी हजेरीपटावरील त्याची जन्मतारीख अवश्य पाहावी.

दुसरी गोष्ट मुलींची. धावपळ करणारा मुलगा सर्वांना दिसतो. मागच्या ओळीत गप्प बसलेली, कोणाला त्रास न देणारी, मात्र सांगितलेले काहीच मनात न ठरणारी मुलगी कोणाला दिसत नाही. तिला 'मंद' म्हणून सोडून दिले जाते. अवधानाची न्यूनता अतिचंचलतेवाचूनही असू शकते, हे लक्षात ठेवून अशा मुलींकडे आपण मुद्दाम पाहिले पाहिजे.

मदत कोठे मिळते? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळांतून तपासणीस येते. त्या पथकाने पाहावयाच्या अवस्थांत हा विकारही समाविष्ट आहे. पथक येण्यापूर्वी आपली नोंद तयार असावी. तारीख, वेळ, कोणता तास, काय घडले आणि त्याच्या आधी काय चालले होते, एवढ्या पाच गोष्टी तीन-चार आठवडे लिहून ठेवाव्यात. 'मुलगा फार खोडकर आहे' या वाक्याने वैद्याला काहीच कळत नाही. 'बेरजेच्या तासाला चौथ्या मिनिटाला उठला, गोष्टीच्या तासाला वीस मिनिटे बसला' या नोंदीने पुष्कळ कळते. पथकाच्या शिफारशीने पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी होऊ शकते. समग्र शिक्षेखालील विशेष शिक्षकांचे साहाय्य घ्यावे. घरातल्या ओढाताणीने जे पालक खचलेले असतील त्यांना टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. औषध द्यावे की नाही हा निर्णय वैद्य आणि पालक यांचा आहे. शिक्षकाने औषधाचा आग्रह धरू नये, आणि ते चालू असल्यास त्याविषयी भीतीही घालू नये.

मित्रहो, या मुलांच्या बाबतीत खरे नुकसान होते ते गुणपत्रिकेत दिसत नाही. आठ-दहा वर्षांचे मूल दिवसातून अनेकदा 'तू मुद्दाम करतोस' हे ऐकते आणि शेवटी ते खरे मानू लागते. त्यानंतर ते प्रयत्न सोडते. आणि प्रयत्न सोडलेले मूल शाळा सोडण्यास फार काळ लागत नाही. त्याच्या बापाचेही कदाचित असेच झाले असेल. घडण वारशाने पुढे जाईल, ती थांबविणे आपल्या हाती नाही. शाळेतून अपमानित होऊन बाहेर पडणे हे मात्र कोणत्याही जनुकात लिहिलेले नसते. ते एका पिढीकडून दुसरीकडे जाते ते केवळ आपल्या वागण्यातून. तो वारसा आपल्या वर्गाच्या दाराशी थांबावा, इतकीच आपणां सर्वांस माझी विनंती आहे.

येत्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या वर्गातील अशा एका मुलाची पाच गोष्टींची नोंद ठेवावी आणि पुढील परिषदेस ती बरोबर आणावी. मुलाचे नाव त्यावर घालू नये. त्या नोंदी समोर ठेवून आपण पुन्हा बोलू.